कारवीची तलवार

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले. मनात जे पहिल्यांदा आले ते लिहावे की नाही, या विचारात माझा आठवडा गेला. माजी विद्यार्थी सहसा पहाटेच्या थंड पाण्याच्या अंघोळीविषयी, अधीक्षकांच्या धाकाविषयी आणि पुढे लागलेल्या नोकरीविषयी लिहितात. ते सारे माझ्याही वाट्याला आले. परंतु वसतिगृहातील सहा वर्षांतले माझ्या हातांना आजही नेमके आठवते ते एकच, एक लाकडी तलवार. ज्या शाळेचा दिवस त्रिशरण-पंचशीलाने उजाडतो, तिच्या स्मरणिकेत तलवारींवर लेख, हे काही वाचकांना खटकेल. त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

मी १९९३ साली पाचवीत दाखल झालो. दिवाळीच्या सुट्टीत बहुतेक मुले गावी जात, पण ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असत किंवा ज्यांच्या गाडीभाड्याची सोय नसे, अशी दहा-पंधरा मुले मागे राहात. मी त्यांतला. पुणे जिल्ह्यात दिवाळीला मुले मातीचे किल्ले करतात. आम्हीही वसतिगृहाच्या मागे करीत असू. इतर ठिकाणची मुले चित्रे पाहून किल्ले रचतात. आमच्यासमोर लोहगड आणि विसापूर प्रत्यक्ष उभे असत. मान वर केली की बुरूज कुठे चुकला ते कळत असे. किल्ला झाला की लढाई आलीच, आणि लढाई म्हटली की तलवार हवी.

कारवी म्हणजे काय, हे मावळच्या माणसाला सांगावे लागत नाही. बाहेरगावच्या पालकांसाठी सांगतो. सात वर्षांनी एकदा फुलणारे हे झुडूप. त्याच्या सरळसोट काठ्यांचे कुड विणून, त्यांवर शेणमाती लिंपून इकडे घरांच्या भिंती करतात. त्यांतली अंगठ्याहून जाड अशी काठी आम्ही हेरून ठेवीत असू. ती चुलीवरच्या माळ्यावर आठ दिवस वाळवायची, कोयत्याने दोन्ही बाजूंनी तासून चपटी करायची आणि खापराने घासून गुळगुळीत करायची. परजेसाठी नारळाची अर्धी करवंटी, तिला तापल्या खिळ्याने भोक. मुठीवर सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी. पात्याला चकाकी आणण्यासाठी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद खळीने चिकटवायचा. ही पाकिटे मळवली स्टेशनाच्या आसपास गोळा करावी लागत. एकदा एका मुलाच्या खिशात सात रिकामी पाकिटे सापडली, तेव्हा त्याची जी चौकशी झाली ती आमच्या बॅचच्या मुलांना आठवत असेल.

१९९५ च्या दिवाळीत माझ्या तलवारीचे टोक माझ्याच मित्राच्या भुवईवर बसले. मी मुद्दाम मारले नव्हते. मारायचा हात थांबविणे मला येत नव्हते. लोणावळ्याच्या एका दवाखान्यात त्याला तीन टाके पडले. टाका डोळ्यापासून बोटभरच वर होता. त्या रात्री आम्ही सगळे पांघरुणात डोकी घालून जागे होतो, छडी कधी पडते याची वाट पाहात. छडी पडली नाही. सकाळी अधीक्षक सरांनी सगळ्या तलवारी मागून घेतल्या, मोजल्या आणि आम्हांला परसबागेत नेले. घेवड्याचे वेल जमिनीवर पसरले होते. त्यांना आधार म्हणून आमच्याच हातांनी त्या तलवारी एकेक करून रोवायला लावल्या, मूठ खाली आणि टोक वर. एक अक्षर बोलले नाहीत. मला मात्र तो फार मोठा अपमान वाटला. पुढे महिनाभर घेवडा वर चढत होता आणि उन्हात मधूनमधून चंदेरी कागद चमकत होता. मी त्या बाजूला जाणे टाळीत असे.

त्यानंतर माझा आणि तलवारींचा संबंध तेवीस वर्षांनी आला. मी तळेगावला लग्नकार्यांच्या शूटिंगचा व्यवसाय करतो. २०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहात राहिलेल्या मुलांसाठी काही शिबिर घ्याल का, अशी विचारणा शाळेतून झाली. तेच अधीक्षक सर आता निवृत्त होऊन शाळेच्या समितीवर होते. मी म्हटले, “सर, चित्रीकरण शिकवितो.” सर म्हणाले, “शिकव. पण मुलांच्या हाती काहीतरी राहिले पाहिजे.”

तेरा मुले होती. पहिल्याच दिवशी मी विचारले, कशाचे चित्रीकरण करायचे? एका सुरात उत्तर आले, “लढाईचं, दादा!” आणि तलवारी हव्या होत्या त्या प्रकाशाच्या. ‘स्टार वॉर्स’ त्यांनी हिंदीतून टीव्हीवर पाहिला होता. मी सरांकडे पाहिले. सरांनी खिडकीबाहेर पाहिले. परसबाग तिथेच आहे.

मी मुलांना आधी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली दादासाहेब फाळक्यांची. १९१३ साली प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चित्रीकरणासाठी त्यांची मंडळी वांगणीला गेली होती. लोणावळ्याहून घाट उतरून, कर्जतवरून मुंबईकडे जाताना लागते तेच वांगणी. फाळके मागाहून येणार होते. त्यांच्या चरित्रात हकिकत येते ती अशी, की ढाल-तलवारी आणि भाले घेतलेली ही माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखे वाटले. वर्दी पाटलाकडे आणि तिथून फौजदाराकडे गेली. तलवारी खोट्या आहेत, हे कितीही सांगितले तरी कोणाला पटेना. साऱ्यांना अटक झाली. फाळके आले, त्यांनी कॅमेरा मांडून चित्रीकरण कसे करतात हे दाखविले, तेव्हा कुठे सुटका झाली. मुले खूप हसली. त्यांतल्या एकाने विचारले, “म्हणजे तलवार खोटी आहे हे कॅमेऱ्यामुळं कळलं?” शिबिरात मला विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. त्याचे नीट उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही.

याच फाळक्यांनी १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आपली लहान मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केले आणि पाण्याखाली नागाशी लढविले. घरचे मूल, घरी रचलेली युक्ती. आमच्या शिबिराची कुळी तिथपर्यंत पोहोचते, असे मी मुलांना सांगितले तेव्हा ती जरा सावरून बसली.

दुसरी गोष्ट त्या प्रकाशाच्या तलवारीची. १९७७ च्या त्या चित्रपटात नायकाच्या तलवारीची मूठ म्हणजे जुन्या छायाचित्रकारांच्या फ्लॅशचा दांडा होता. पाती म्हणजे प्रकाश परतविणारा कागद लावलेल्या काठ्या, आणि नंतर त्यांवरचा उजेड एकेका चित्रावर हाताने चढविलेला. तिचा जो घूंऽऽ असा आवाज येतो, त्यात बेन बर्ट या ध्वनिकाराने चित्रपटगृहातील प्रोजेक्टरच्या मोटरीची घरघर आणि टीव्हीच्या नळीचा गुंजारव मिसळला होता. कारवी, करवंटी आणि सिगारेटच्या पाकिटाची परंपरा जगभर एकच आहे, असे मला त्या वेळी वाटले. मुलांना तसे बोलून दाखविले नाही.

तलवारी केल्या त्या वायरिंगच्या पांढऱ्या पाइपच्या, त्यांवर एसीच्या नळीला गुंडाळतात तो मऊ फोम. आपल्याकडे आखाड्यात फरी-गदगा खेळतात त्यात तलवारीऐवजी चामडे मढविलेली काठी असते. तिचाच हा आजचा अवतार. डोक्याच्या दिशेने वार करायचा नाही, हा पहिला नियम मी घालून दिला. (भुवईवाला मित्र आज पिंपरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि भेटला की अजून ती भुवई उडवून दाखवितो.) दुसरा नियम मुलांना कळायला अख्खा दिवस लागला. पडद्यावरची मारामारी मारणाऱ्याच्या हाती नसते, मार खाणाऱ्याच्या हाती असते. वार अंगापासून हातभर दूरून जातो. कॅमेरा मारणाऱ्याच्या पाठीशी, दोघांच्या सरळ रेषेत ठेवला की मधले अंतर दिसत नाही. मग वार लागला हे कशावरून कळते? ज्याला लागायचा तो कसा वाकतो, कुठे पाहतो, श्वास कसा सोडतो, यावरून. म्हणून आधी त्याने मानेने खूण करायची, मगच दुसऱ्याने हात उचलायचा. मुले एकमेकांसमोर उभी राहून मान हलवीत आणि हवेत वार करीत. लांबून पाहणाऱ्या मावशींना ती एकमेकांना नमस्कार करीत आहेत असे वाटले.

आवाज मावशींच्याच स्वयंपाकघरातून घेतले. उलथने पातेल्याच्या काठावर घासले की तलवार म्यानातून निघते. दोन पळ्या आपटल्या की पाती भिडतात. मोबाइलजवळून वेताची बारीक छडी फिरविली की वार जातो. त्या छडीचा असा उपयोग होऊ शकतो हे मला शाळेत असताना माहीत असते तर बरे झाले असते. धुक्यासाठी ओले गवत पेटविले. उजेडाचे काम सर्वांत किचकट. सेकंदाला पंचवीस चित्रे. चार सेकंदांच्या झटापटीला शंभर. माझ्या लॅपटॉपवर तेरा मुलांनी पाळीपाळीने ती शंभर चित्रे रंगविली, दोन रात्री. चार सेकंदांहून जास्त उजेड पाडण्याची मग कोणाला हौस उरली नाही.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले तिकडे येतो.

लढाईत शेवटी एकाने मरायचे होते. चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी निघाली सहावीतल्या एका मुलाची. अंगाने किरकोळ, कामाला चोख. पाइप कापण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो म्हणाला, “दादा, मी नाय मरणार.”

“का रे? खोटं खोटं तर आहे.”

तो बराच वेळ पायाने माती उकरीत राहिला. मग म्हणाला, “गावाकडं बी मीच मरतो.”

पुढे विचारण्याची गरज नव्हती. गावच्या खेळात कोण राजा, कोण मावळे आणि कोण मरणारा, हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. खेळायला येण्याआधीच, कोण कोणत्या आळीतून येतो यावरून ठरलेले असते. माझ्या गावीही तसेच होते. मी इतक्या वेळा मेलो होतो, की पडताना कोपर कसा आत घ्यावा, हे मला मुलांना शिकविता येत होते. ही कला मी कुठे शिकलो, हा विचार त्या क्षणापर्यंत माझ्या मनाला शिवला नव्हता.

माझ्या ओठांवर उत्तर तयार होते. कालच तर मी शिकविले होते की मार खाणाराच खरा कलावंत. तेच त्याला समजावून सांगावे, असे वाटले. पण तोंड उघडले आणि शब्द घशातच अडकले. व्यवसायाचे ते सत्य आहे, पण या मुलाला ते सांगणे म्हणजे गावाने जे केले त्याला वर मुलामा देणे. मी फक्त म्हटले, “बरं. नको मरूस.”

नववीतला एक थोराड मुलगा हौसेने मरायला पुढे आला. तो असा मेला की काय सांगावे! तीन गिरक्या घेतल्या, आईला हाक मारली, पडला, पुन्हा अर्धा उठला, पुन्हा पडला. चित्रण पाहताना सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. बाजूला तलवार उपसून, छाती काढून आमचा सहावीतला विजेता उभा होता आणि त्याच्याकडे कोणी पाहात नव्हते. त्याने ते पाहिले. रात्री तो नीट जेवला नाही, असे मावशींनी मला सांगितले. जिंकूनही फसवणूक झाली, असा त्याचा चेहरा होता, आणि त्यात माझाच दोष होता.

दुसऱ्या दिवशी एका मुलाने अंगुलिमालाचे नाव काढले. विहाराच्या भिंतीवर त्याचे चित्र आहे. मुले रोज संध्याकाळी वंदनेला त्याच्यासमोरच बसतात. तलवार आहे, पाठलाग आहे आणि कोणी मरत नाही. अंगुलिमाल जिवाच्या आकांताने धावतो, भगवान सावकाश चालतात, तरी अंतर तुटत नाही. सहावीतला मुलगा लगेच म्हणाला, “मी.”

भगवान बुद्ध कसे दाखवायचे, यावर सरांनी वाट सुचविली. भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वीचे. ते कोरणाऱ्यांनी आत मूर्ती घडविली नाही, स्तूप घडविला. आपणही चेहरा दाखवू नये. मग ठरले, की केवळ चालणारी पावले आणि चीवराचा काठ दाखवायचा. मोबाइल जमिनीवर, विटेला टेकवून. समोरून पावले शांतपणे जवळ येत आहेत आणि त्यांच्या मागे, लांबवर, धावणारा अंगुलिमाल.

तो धावूनही पुढे का येत नाही, ही युक्ती मुलांनी शोधली. कमरेला दोरी, तिचे दुसरे टोक मागे खडकाआड बसलेल्या दोघांच्या हातात. कॅमेरा नेमका समोर, त्यामुळे दोरी धावणाऱ्याच्या अंगाआड झाकली जाते. त्याने खऱ्या ताकदीने धावायचे आणि त्यांनी खऱ्या ताकदीने धरायचे. पहिल्या खेपेला दोरी सुटली आणि अंगुलिमाल थेट मोबाइलवर येऊन पडला. दुसऱ्या खेपेला खडकाआडून कोणाला तरी हसू फुटले. पाचव्या खेपेला मात्र मोबाइलमध्ये जे दिसले त्याने आम्ही गप्प झालो. पाय माती उडवीत होते, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, तोंड उघडे पडले होते, आणि तो तसूभरही पुढे सरकत नव्हता. त्यात अभिनय कुठे होता, मला सांगता येणार नाही.

त्याच्या हातातली तलवार कारवीची होती. या दृश्यात कोणावर वार करायचा नसल्याने फोमची गरज नव्हती, म्हणून मी त्याला जुनी पद्धत शिकविली होती. तीन दिवस तो खापराने ती घासत होता. परजेच्या करवंटीवर त्याने खिळ्याने नक्षी कोरली होती. चंदेरी कागद मात्र त्याने नको म्हटले. लाकूडच चांगले दिसते, म्हणाला.

शेवटच्या दृश्यात अंगुलिमालाने ती तलवार दरीत भिरकावायची होती. खाली कारवीचे दाट रान. मी “चालू” म्हटले. तो उभाच. पुन्हा म्हटले. तो तलवारीकडे पाहू लागला.

“टाक ना रे!” खडकाआडून मुले ओरडली.

“नाय टाकणार. माझी हाय.”

सर बाजूच्या दगडावर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिले. मला वाटले, आता हे काही बोलतील; शस्त्रत्यागाची गोष्ट आहे आणि मुलगा शस्त्र सोडायला तयार नाही. ते म्हणाले, “त्याने केली आहे. राहू दे त्याच्याकडे.” मग थोडे थांबून, जरा तक्रारीच्या सुरात, “सुत्तात मात्र कड्यावरूनच टाकली आहे.”

शेवटी चित्रपटाइतकीच जुनी असलेली युक्ती कामी आली. अंगुलिमाल हात लांब करून उभा. चित्रण थांबविले. तो पुतळ्यासारखा हलायचा नाही; दुसऱ्याने अलगद त्याच्या मुठीतून तलवार काढून घ्यायची. चित्रण पुन्हा सुरू. पडद्यावर तलवार हातातल्या हातात नाहीशी होते आणि रिकामी मूठ हळूहळू उघडते. अदलाबदलीत त्याचा खांदा किंचित हलला, म्हणून पडद्यावर तिथे एक बारीक झटका बसतो. तो काढता आला असता. मी काढला नाही. विहारात सर्वांना चित्रपट दाखविला तेव्हा त्या झटक्याला लहान मुलांनी श्वास रोखला. सर मागे उभे होते. त्यांनी मला काही म्हटले नाही, पण दिवा लागल्यावर त्यांनी त्या मुलाला जवळ बोलाविले आणि तलवार हातात घेऊन परजेची नक्षी चष्मा वर करून पाहिली.

सुट्टी संपायच्या आधी चार दिवस त्याचे वडील त्याला न्यायला लोणावळ्याच्या एसटी स्टँडवर येणार होते. मी माझ्या गाडीवरून त्याला सोडायला निघालो. तलवार सॅकमध्ये मावेना. मूठ आत गेली, पण हातभर पाते बाहेर राहिले आणि चेन काही लागेना. तो पळत मागच्या टेकडीवर गेला, खडकाआड पडलेली दोरी घेऊन आला, आणि सॅकचे तोंड आम्ही दोघांनी मिळून त्या दोरीने आवळून बांधले.